जिओहॉटस्टार डॉट कॉम: अंदाज खरा ठरला, नाव हाती राहिलं नाही

२०२४ च्या दिवाळीला आठवडा उरला होता. त्या दिवसांत जिओहॉटस्टार डॉट कॉम असं टाकलं की सिनेमा नाही, मालिका नाही, एक पत्र उघडायचं. दिल्लीत राहणाऱ्या, ॲप बनवणाऱ्या एका तरुणाने ते रिलायन्सच्या लोकांना उद्देशून लिहिलं होतं. हे डोमेन, म्हणजे वेबसाइटचा हा पत्ता, माझ्याकडे आहे, ते तुम्ही घ्या, म्हणजे मला केंब्रिजला जाऊन शिकता येईल, असा त्याचा मथितार्थ. तुमच्यासारख्या कंपनीला हा खर्च किरकोळ आहे, माझं मात्र आयुष्य बदलेल, असंही त्याने लिहिलं होतं. खाली नाव नव्हतं. स्वप्न पाहणारा कुणीतरी, अशा अर्थाची सही होती.

बघता बघता ते पत्र घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचलं. माझं काम छोट्या व्यावसायिकांना डोमेन शोधून देण्याचं, ते नोंदवण्याचं आणि सांभाळण्याचं. त्यामुळे मला ते निरनिराळ्या लोकांनी पाच-सहा वेळा पाठवलं. काहींनी विचारलं, "हजार रुपयांना घेतलेलं नाव कोटीला जातं म्हणतात, आपणही घेऊन ठेवायची का अशी नावं?" बाकीच्यांची काळजी वेगळी होती: "आपलं नाव असं कुणी धरून बसलं तर?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरं या एकाच प्रकरणात मिळतात. म्हणून ते पहिल्यापासून मांडतो.

अंदाज कसा बांधला

जून २०२२ मध्ये आयपीएलच्या पुढच्या पाच हंगामांच्या प्रक्षेपण हक्कांचा लिलाव झाला. टीव्हीचे हक्क डिस्ने स्टारने २३,५७५ कोटी रुपयांना राखले. मोबाइलवर दाखवायचे, म्हणजे डिजिटल हक्क मात्र रिलायन्सच्या व्हायकॉम एटीनने २३,७५८ कोटींना नेले. डिस्ने प्लस हॉटस्टारवर येणाऱ्या प्रेक्षकांत क्रिकेटपायी येणाऱ्यांची संख्या मोठी होती. तो पाया निसटला. मार्च २०२३ अखेर एचबीओच्या मालिकाही तिथून गेल्या. डिस्ने इथला पसारा विकणार किंवा एखाद्या भारतीय कंपनीशी हातमिळवणी करणार, अशी चर्चा सुरू झाली.

हे वाचलेले लोक लाखो असतील. त्या तरुणाने २०२३ च्या सुरुवातीला अशीच एक पोस्ट वाचली आणि त्याला 'सावन' आठवलं. २०१८ मध्ये जिओने सावन ही गाण्यांची सेवा आपल्यात घेतली, तेव्हा तिचं नाव जिओसावन झालं आणि सावन डॉट कॉमच्या जागी जिओसावन डॉट कॉम आलं. मग उद्या यांनी हॉटस्टार घेतलं, तर त्याचं नाव काय होईल? त्याने शोधलं, नाव मोकळं होतं, त्याने ते घेतलं. डॉट कॉमच्या साध्या नोंदणीला वर्षाला हजार-बाराशे रुपये पडतात, तेवढ्यात काम झालं.

यातली बुद्धी मला मनापासून आवडते, आणि ती कमी लेखून चालणार नाही. नाव शोधायला बसलेले बहुतेक लोक शब्द शोधतात. ते समानार्थी शब्दांच्या याद्या काढतात, कुठलातरी संस्कृत शब्द उचलतात, शेवटी एखादं अक्षर जोडतात. या मुलाने एका घराण्याची रीत शोधली. जिओ टीव्ही, जिओसिनेमा, जिओमार्ट, जिओफायबर. ज्या घरात थोरल्या नातवाला आजोबांचंच नाव ठेवतात, तिथे बारशाच्या आधीच गावाला नाव ठाऊक असतं. इथेही तसंच होतं. फक्त ते कुणी मोठ्याने बोललं नव्हतं.

नाव म्हणूनही ते चांगलं आहे. इंग्रजीत दहा अक्षरं, मध्ये आडवी रेघ नाही, आकडा नाही, आणि दोन्ही शब्द ऐकणाऱ्याच्या ओळखीचे. फोनवर एकदा सांगितलं की पुन्हा स्पेलिंग सांगावं लागत नाही. मराठी नावांचं घोडं अडतं ते नेमकं इथे. माझ्याकडे नाव घेऊन आलेल्या माणसाला मी आधी घरातल्या कुणाला तरी फोन लावायला सांगतो. नाव फक्त बोलून सांगा, पलीकडच्याला ते इंग्रजीत टाइप करून पाठवू दे. 'चूल' हा एवढासा शब्द, पण कुणी यू एकदा लिहितं, कुणी ओ दोनदा. 'वाळवण' एकदा चौघांकडून चार तऱ्हांनी लिहून आलं होतं. 'ळ'साठी इंग्रजीत वेगळं अक्षर नाही आणि 'आ' लिहिताना ए किती हा प्रत्येकाच्या शाळेचा प्रश्न. चार जणांपैकी तिघांनी सारखं लिहिलं, तरच मी ते नाव पुढे नेतो.

एकच गिऱ्हाईक असलेला माल

पहिला प्रश्न विचारणाऱ्यांसाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. जिओहॉटस्टार हे नाव कुणाला विकता आलं असतं? फक्त एका घराला. जगात दुसरं कुणीही ते चालवू शकलं नसतं. ज्या मालाला एकच गिऱ्हाईक आहे, त्याचा भाव विकणारा ठरवत नाही. आणि तो शब्दच मुळात त्या गिऱ्हाइकाचा असेल, तर भाव करण्याची वेळही येत नाही.

त्याच सुमाराचं दुसरं एक नाव शेजारी ठेवून बघा. अमेरिकेतल्या हबस्पॉट कंपनीचे सहसंस्थापक धर्मेश शाह यांनी २०२३ मध्येच चॅट डॉट कॉम १ कोटी ५५ लाख डॉलरना विकत घेतलं. पुढे त्यांनी ते विकलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उघड झालं की ते चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयकडे गेलं आहे. म्हणजे दोन्ही नावं २०२३ ची आणि दोन्हींची बातमी झाली २०२४ च्या त्याच दोन महिन्यांत. एक सौदा सन्मानाने झाला, दुसऱ्यात वकिलांची भाषा आली. 'चॅट' हा कुणाच्याही मालकीचा शब्द नाही. शाळा, बँक, लग्न जुळवणारी संस्था, कुणीही तो वापरू शकतं, म्हणून त्याला शंभर गिऱ्हाइकं असू शकतात. 'जिओहॉटस्टार'मधला प्रत्येक तुकडा कुणीतरी पैसा आणि वर्षं घालून उभा केलेला आहे. नाव विकत घेऊन ठेवणं हा सरळ धंदा आहे, त्यात गैर काही नाही. पण धंदा करायचा तर मोकळ्या शब्दांचा करावा, आणि त्या शब्दाला निदान दहा वेगवेगळी गिऱ्हाइकं डोळ्यांपुढे आणता आली पाहिजेत.

मग त्या मुलाच्या हाती काय होतं? एक अचूक अंदाज होता. अंदाजाला बाजारात मोल आहे, शेअर घेणारे रोज त्यावरच जगतात. पण त्याने आपला अंदाज अशा वस्तूत गुंतवला, की जी त्याच्या नावावर राहूच शकत नव्हती. याचं मला वाईट वाटतं.

पत्रानंतरचे दोन दिवस

पत्र गाजल्यावर रिलायन्समधल्या एका अधिकाऱ्याने त्याच्याशी संपर्क साधला. तरुणाने केंब्रिजच्या व्यवस्थापन अभ्यासक्रमाची फी मागितली, ९३,३४५ पौंड. आपल्या रुपयांत एक कोटीच्या आसपास. मागणी नाकारली गेली आणि कायदेशीर कारवाई होणार असं सांगण्यात आलं. हे सगळं त्याने स्वतःच त्याच पानावर लिहिलं. मी २०२३ मध्ये नाव घेतलं तेव्हा जिओहॉटस्टार नावाची कुठलीच गोष्ट अस्तित्वात नव्हती, मग मी कुणाचा ट्रेडमार्क, म्हणजे व्यापारचिन्ह, मोडला, असा त्याचा सवाल होता. एवढ्या मोठ्या समूहापुढे उभं राहायची आपली ताकद नाही, हेही त्याने कबूल केलं.

त्याचा सवाल प्रामाणिक आहे, म्हणून त्याचं उत्तरही नीट द्यायला हवं. दोन शेजाऱ्यांच्या शेतांमधला बांध मोकळा दिसला आणि तिथे आपण खुंटी ठोकली, असं त्याला वाटत होतं. पण त्या नावात मोकळी जमीन होतीच कुठे? 'जिओ' एकाच्या सातबाऱ्यावर, 'हॉटस्टार' दुसऱ्याच्या. दोन नोंदलेले तुकडे जोडले म्हणून तिसरा तुकडा तयार होत नाही.

भारतात डोमेन बळकावण्यावर स्वतंत्र कायदा नाही. १९९९ चा ट्रेडमार्क कायदा आहे, आणि दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपवू नये हे जुनं तत्त्व आहे. न्यायालयांनी डोमेनला ते केव्हाच लावलं. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच रेडिफ या इंटरनेट कंपनीच्या बाजूने निकाल दिला होता. समोरच्याने एका स्वराचा फरक करून तसंच नाव घेतलं होतं, आणि डोमेन म्हणजे नुसता पत्ता नव्हे, व्यापारचिन्हाइतकंच संरक्षण त्याला मिळालं पाहिजे, असं न्यायालयाने म्हटलं. २००४ मध्ये 'सिफी' या इंटरनेट कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हीच दिशा पक्की केली. त्यातल्या प्रतिवादीने सांगितलं होतं की आमच्या नावातला शब्द पाच प्रवर्तकांच्या नावांच्या आद्याक्षरांतून आला आहे. न्यायालयाला ते पटलं नाही. असे खुलासे कागदावर नेहमी देता येतात. नाव घेताना मनात काय होतं, ते बाकीच्या वागण्यावरून दिसतंच.

आंतरराष्ट्रीय वाटही आहे. डोमेन व्यवस्थेची शिखर संस्था आयकॅन हिचं तंट्यांविषयीचं धोरण १९९९ पासून लागू आहे. तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव आपल्या व्यापारचिन्हाशी गोंधळ होण्याइतकं मिळतंजुळतं आहे, समोरच्याचा त्यावर खरा हक्क वा हितसंबंध नाही, आणि ते वाईट हेतूने नोंदवून वापरलं आहे. जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एकच पंच नेमायचा असेल, तर एक ते पाच नावांच्या तक्रारीला १,५०० डॉलर शुल्क आहे, वकील वेगळा. यात नुकसानभरपाई मिळत नाही. नाव तुमच्याकडे येतं किंवा रद्द होतं, एवढंच. डॉट इन नावांसाठी आपल्याकडे निक्सी या संस्थेचं असंच वेगळं धोरण आहे.

आता त्या मुलाच्या मूळ मुद्द्याकडे येऊ, 'तेव्हा नाव अस्तित्वात नव्हतं.' दोन कंपन्या एक होणार अशी हवा तयार होते तेव्हा त्यांची जोडनावं आधीच घेऊन ठेवणारे जगभर निघतात, आणि पंचांपुढे हे अनेकदा आलं आहे. विलीनीकरणाच्या अपेक्षेने असं नाव घेणं हेच वाईट हेतूचं लक्षण, अशी त्यांची भूमिका पक्की झालेली आहे. म्हणजे आधी ओळखलं हा बचाव ठरत नाही, उलट तेच त्याच्या विरोधात जातं. शिवाय त्या धोरणात वाईट हेतूची जी उदाहरणं दिली आहेत, त्यात पहिलंच असं आहे: खर्चापेक्षा जास्त पैशांना चिन्हाच्या मालकालाच विकावं, या मुख्य उद्देशाने नाव नोंदवणं. त्याने तो उद्देश स्वतःच्या हाताने, त्याच डोमेनवर, सगळ्या जगाला वाचता येईल असा लिहून ठेवला. इतकं सरळ मनाचं पत्र आणि इतका भक्कम पुरावा एकाच पानावर!

ज्याचं नाव खरोखर आपलं आहे, त्याची गोष्ट वेगळी असते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात उझी निसान नावाचे गृहस्थ होते. निसान हे त्यांचं आडनाव. १९९४ मध्ये त्यांनी आपल्या कॉम्प्युटरच्या व्यवसायासाठी निसान डॉट कॉम घेतलं. १९९९ मध्ये निसान मोटर कंपनीने खटला भरला. खटला वर्षानुवर्षं चालला, व्यवसायासाठी ते पान वापरण्यावर बंधनं आली, पैसा आणि उमेद दोन्ही खर्ची पडली, पण डोमेन त्यांच्याकडेच राहिलं. २०२० मध्ये ते गेले तेव्हाही ते त्यांच्याकडे होतं. आपल्या आडनावाचं डोमेन मोकळं असेल तर ते घेऊन ठेवा, असं मी ओळखीच्या सगळ्यांना सांगतो, ते यासाठी.

रिलायन्सने पैसे द्यायला हवे होते का? तेव्हा बऱ्याच लोकांना वाटत होतं की द्यावेत, एका मुलाचं भलं होईल. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं. नंतर विचार केला. ज्या समूहाचं पुढचं प्रत्येक नाव कुणालाही ओळखता येतं, त्याने एकदा एक कोटी मोजले की दुसऱ्या दिवशी दारात रांग लागेल. नकार समजण्यासारखा आहे. शिष्यवृत्ती द्यायची तर ती डोमेनचा विषय बाजूला ठेवूनही देता आली असती, आणि ती दिली गेली असती तर मला आनंद झाला असता.

दार उघडं कुणी ठेवलं

इथे मला कंपनीच्या बाजूची चूक जास्त मोठी दिसते. डिस्ने आणि रिलायन्स यांच्या कराराची घोषणा २८ फेब्रुवारी २०२४ ला झाली, आणि १४ नोव्हेंबरला व्यवहार पूर्ण झाला. ७०,३५२ कोटी रुपये मूल्याची कंपनी उभी राहिली. एवढ्या मोठ्या व्यवहारात हजार-बाराशे रुपयांचं एक नाव आधी घेऊन ठेवायचं राहिलं.

नाव मिळवण्याचा क्रम असा असतो: आधी नोंदणी, मग चर्चा, सगळ्यात शेवटी घोषणा. मोठ्या व्यवहारांत, बोलणी अगदी कुजबुजीच्या पातळीवर असतानाच, दोन्ही बाजूंची नावं उलटसुलट जोडून होणारी सगळी डोमेन बाहेरच्या वकिलामार्फत गुपचूप नोंदवतात. मालकाचं नाव झाकलेलं असतं. कुणाला वास लागू नये म्हणून त्यात पाच-दहा भलतीच नावंही मिसळतात. व्यवहार फिसकटला तर वर्षाचे काही हजार रुपये वाया जातात, इतकंच.

एक तपशील मला फार बोलका वाटतो. रिलायन्सकडे 'डॉट जिओ' हे अख्खं शेपूट आहे. जसं डॉट कॉम, डॉट इन, तसं डॉट जिओ, त्यांच्याच मालकीचं. त्यात 'हॉटस्टार डॉट जिओ' असं नाव ते कधीही उघडू शकत होते, कुणाला विचारायची गरज नव्हती. तरी त्यांना डॉट कॉमच हवं होतं. कारण लोकांची बोटं. सवयीने माणूस नावापुढे डॉट कॉम टाकतो, आणि बोटांची सवय बदलायला कुणाच्याही जाहिरातींचा पैसा पुरत नाही. माझ्याकडे येणारे लोक विचारतात की डॉट कॉम गेलंय, डॉट शॉप किंवा डॉट ऑनलाइन घेऊ का. मी आधी बघतो की त्या डॉट कॉमवर कोण बसलंय. त्याच धंद्यातला असेल तर नाव बदला, कारण तुमच्या जाहिरातीचं गिऱ्हाईक त्याच्या दुकानात जाईल. भलत्याच धंद्यातला असेल आणि तुमचा सगळा व्यवहार भारतातच असेल, तर डॉट इन छान चालतं. देवनागरीतलं डॉट भारतही २०१४ पासून मिळतं. ते जोडीला जरूर घ्यावं, मला त्याचा अभिमान वाटतो. पण अजून पुष्कळ ठिकाणी ईमेल पत्ता म्हणून ते स्वीकारलं जात नाही, त्यामुळे एकट्या त्याच्यावर दुकान उभं करू नये.

दुबईची भावंडं

ऑक्टोबर संपायच्या आत गोष्टीला वेगळंच वळण मिळालं. त्या पानावरचा मजकूर बदलला. दुबईत राहणाऱ्या दोन शाळकरी भावंडांनी, बहीण आणि भावाने, ते डोमेन घेतल्याचं लिहिलं होतं. दिल्लीच्या त्या तरुणाला मदत व्हावी म्हणून आपण ते घेतलं, असं त्यांचं म्हणणं. पानावर त्यांनी सुट्टीतल्या आपल्या भारतभेटीबद्दल लिहिलं. मग नोव्हेंबरमध्ये त्यांनी जाहीर केलं की रिलायन्सला नाव हवं असेल, तर आम्ही ते सगळ्या कागदपत्रांसह फुकट देऊ.

या कामात मुरलेल्या माणसालाही इथे थांबून विचार करावा लागतो. तंट्याची रीतसर तक्रार दाखल झाली की डोमेन जागच्या जागी गोठतं, विकता येत नाही, हलवता येत नाही. ते विकलं गेलं याचाच अर्थ तोवर तसं काही झालं नव्हतं. आणि नाव नव्या माणसाकडे गेलं की पंचांच्या दृष्टीने ती नवी नोंदणी धरतात, हेतू पुन्हा पहिल्यापासून तपासतात. दिल्लीच्या मुलाकडे 'मी घेतलं तेव्हा असं काही नव्हतंच' हे निदान म्हणायला तरी होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये घेणाऱ्याला तेही म्हणता आलं नसतं, कारण तोवर ते नाव देशभर गाजलेलं होतं. फुकट देऊ केल्याने त्या मुलांवर कसलाच ठपका येण्याची शक्यता उरली नाही. त्यांच्या घरात हे कुणी समजावलं असेल की त्यांनी आपल्या मनानेच तसं ठरवलं असेल, कसंही असो, त्या सबंध प्रकरणातली सगळ्यात शहाणी चाल ती होती. दिल्लीच्या मुलाची कोंडी सुटली, आणि नाव योग्य जागी जायचा रस्ता मोकळा झाला.

नव्या कंपनीचं नाव जिओस्टार ठरलं. १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एकत्र करून नवं ॲप आलं, त्याचं नाव जिओहॉटस्टार. दिल्लीतल्या एका मुलाने दोन वर्षं आधी जे लिहून ठेवलं होतं, तेच, अक्षरही न बदलता.

आणि दुसरा प्रश्न

"आपलं नाव असं कुणी घेऊन बसलं तर?" हे विचारणाऱ्यांत पुण्यातल्या एक ताई होत्या. दिवाळीचा फराळ करून देशात-परदेशात पाठवतात. फोनवर म्हणाल्या, "दादा, आमची साइट कालपासून उघडत नाहीये, आणि खोक्यांवर तर तोच पत्ता छापलाय. कुणी नेलं का आमचं नाव?"

मी नोंद उघडली. कुणी नेलं नव्हतं, मुदत संपली होती. डॉट कॉमची मुदत संपल्यावर साधारणपणे महिना-दीड महिना नेहमीच्या पैशांत ते परत चालू करता येतं. हा सवलतीचा काळ नोंदणी करणारी कंपनी ठरवते, जास्तीत जास्त ४५ दिवस. त्यानंतरचे ३० दिवस सोडवणुकीचे, त्यात नेहमीपेक्षा कितीतरी पट रक्कम मोजावी लागते. मग ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही, आणि सहाव्या दिवशी नाव बाजारात. ही नावं टिपायला लोक यंत्रं लावून बसलेले असतात. ताईंचं नाव त्या ३० दिवसांच्या टप्प्यात शिरलं होतं.

पैसे भरायला त्या तयार होत्या. पण भरणार कसे? चार वर्षांपूर्वी ज्या मुलाने साइट करून दिली, त्याने नाव स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ईमेलवर नोंदवलं होतं. मुदत संपत आल्याची सगळी पत्रं त्याच्या जुन्या ईमेलवर गेली. तो बंगळूरला गेला होता, नंबर बदलला होता. कागदोपत्री त्या नावाचा मालक तोच. ताई चार वर्षं जे नाव खोक्यांवर छापत होत्या, ते एक दिवसही त्यांचं नव्हतं.

मुलगा सापडला तो त्याच्या आईमुळे. आई दरवर्षी ताईंकडून चकल्या न्यायची, तिचा नंबर वहीत होता. मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला आठवणही राहिली नव्हती. त्याने त्याच रात्री खातं उघडलं, ताईंनी सोडवणुकीची रक्कम भरली. मग आम्ही त्याच कंपनीत ताईंच्या नावाने नवं खातं काढलं आणि डोमेन आतल्या आत तिकडे सरकवून घेतलं. दुसऱ्या कंपनीत न्यायची घाई केली नाही, कारण मालकाचं नाव बदललं की सहसा ६० दिवस कंपनी बदलता येत नाही. ईमेल ताईंचा, पासवर्ड विसरला तर परत मिळवायचा नंबर त्यांच्या मुलीचा, आणि ज्या ईमेलवर सूचना येतात तो पत्ता त्याच डोमेनवरचा नाही. ही शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात. डोमेन बंद पडलं की त्यावरचं ईमेलही बंद पडतं, मग सूचना पोचणार कुठे?

त्यानंतर बसून आम्ही त्यांच्या नावाची जवळची स्पेलिंगं काढली. दोन घेतली, बाकीची सोडली, कारण सगळी घ्यायला गेलं तर फराळाचे पैसे त्यातच जातील. डॉट इन घेतलं. व्यापारचिन्हाचा अर्ज केला. मुख्य नावाचे पाच वर्षांचे पैसे ताईंनी एकदम भरले. इतक्या पुढची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर मावत नाही, म्हणून त्यांनी ती मापांच्या वहीत लिहिली, अनारशाच्या पानावर, तांदळाच्या आणि गुळाच्या मापांखाली, कारण ते पान त्या दर दिवाळीला उघडतातच.